वापरलेली गाडी घेताना ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल? (नाशिक, पाच लाखांच्या आत)

पाथर्डीफाटा यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. आमच्या घरची मॅन्युअल गाडी तेरा वर्षांची झाली आहे आणि तिच्या जागी पाच लाखांच्या आत बसणारी वापरलेली पेट्रोल गाडी घ्यायचे आम्ही ठरवले आहे. महिनाभर फिरल्यावर तीन गाड्या उरल्या आहेत. पहिली २०१८ ची मॅन्युअल हॅचबॅक असून ती ४२,००० किलोमीटर चालली आहे आणि मालक ४ लाख ६० हजार मागतो. दुसरी २०१७ ची एएमटी (क्लच आणि गिअरचे काम यंत्र करते अशी) हॅचबॅक, ६१,००० किलोमीटर, ४ लाख १० हजार. तिसरी २०१५ ची सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) सेडान, ७८,००० किलोमीटर, ४ लाख ९० हजार. तिन्ही एमएच १५ पासिंगच्या आहेत. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण नावे दिली की चर्चा गिअरवरून घसरून कोणाचा पत्रा जाड यावर जाते, असा अनुभव आहे.

आता वापराविषयी. मी सातपूरला कारखान्यात जातो, परंतु पहिल्या पाळीला कंपनीची बस मिळते, त्यामुळे आठवड्यातले निदान चार दिवस गाडी पत्नीकडे असते. ती जुन्या नाशिकमधील शाळेत शिकवते. तिला रोज द्वारका चौक ओलांडावा लागतो आणि तिथे सकाळी किती वेळा क्लच दाबावा लागतो, हे नाशिककरांना सांगायला नको. गेल्या वर्षापासून तिचा डावा गुडघा दुखतो. याशिवाय महिन्यातून एकदा ठाण्याला सासुरवाडीस जाणे होते आणि वर्षातून दोनदा सप्तशृंगी गडावर, म्हणजे कसारा आणि नांदुरीचा असे दोन्ही घाट आले.

खरे सांगायचे तर माझे मन मॅन्युअलकडे ओढते. वीस वर्षे हाताने गिअर टाकण्याची सवय आहे, आणि आमच्या मेहुण्यांच्या मते वापरलेली ऑटोमॅटिक गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. दुरुस्तीचा खर्च, अ‍ॅव्हरेज आणि घाटातले वागणे या तीन बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गंगापूररोडकर यांचे उत्तर:

मी सहा वर्षांपासून सीव्हीटी गाडी चालवतो आणि तीही वापरलेलीच घेतली होती. सुखाविषयी विचाराल तर अशोक स्तंभावरून रविवार कारंज्याकडे संध्याकाळी सहा वाजता गाडी काढताना जो फरक पडतो, तो शब्दांत सांगण्याऐवजी एकदा अनुभवावा. गिअर बदलल्याचा धक्का नावालाही जाणवत नाही.

अ‍ॅव्हरेजची भीती मात्र जुन्या काळची आहे. पूर्वीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्या खरोखरच पेट्रोल पीत असत आणि त्यांची कुप्रसिद्धी नव्या पिढीच्या गाड्यांना विनाकारण चिकटली. भारतात एएमटी आली ती २०१४ साली, मारुती सुझुकीच्या सेलेरिओमधून, आणि त्या गाडीचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज मॅन्युअल व एएमटी या दोन्हींसाठी लिटरला २३.१ किलोमीटर असे एकच जाहीर झाले होते. प्रत्यक्षात रस्त्यावर तो आकडा कोणालाच मिळत नाही, पण दोन्हींतील अंतर चालवणाऱ्याच्या पायावर जितके अवलंबून असते तितके गिअरबॉक्सवर नसते. माझ्या सीव्हीटीला शहरात बारा-तेरा आणि महामार्गावर सतरापर्यंत मिळते.

एक तक्रार प्रामाणिकपणे नोंदवतो. घाटात चढावर जोर मागितला की इंजिन मोठ्याने ओरडते आणि गाडी मात्र आपल्या चालीने येते. सवय होईपर्यंत क्लच घसरतोय की काय, असेच वाटत राहते.

सातपूरचा मिस्त्री यांचे उत्तर:

गॅरेजमध्ये बावीस वर्षे काम करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपला प्रश्न ऑटोमॅटिक की मॅन्युअल असा आहे, पण आपण ज्या तीन गाड्या सांगितल्या त्यांतली एएमटी ही आतून मॅन्युअलच आहे. तिच्यात तीच दातेरी चक्रे, तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट आणि तेच रिलीज बेअरिंग असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम आपल्या पायाऐवजी व हाताऐवजी तेलाच्या दाबावर किंवा विजेच्या मोटरवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर करतो आणि केव्हा करायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. म्हणून एएमटीचा क्लच झिजतो आणि तो मॅन्युअलसारखाच बदलावा लागतो. 'ऑटोमॅटिक आहे, क्लचची कटकट नाही' असे विकणारा सांगत असेल तर त्याला माहीत नाही किंवा त्याला आपल्याला कळू द्यायचे नाही.

सीव्हीटीचे घराणेच वेगळे. तिच्यात ठरावीक गिअर नसतात. रुंद-अरुंद होणाऱ्या दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा, एवढ्यावर सारा खेळ चालतो. तो पट्टा आणि पुली यांच्यातली पकड एका विशिष्ट तेलावर अवलंबून असते. ते तेल वेळेवर बदलले आणि कंपनीने सांगितलेलेच घातले तर सीव्हीटी शांतपणे लाखभर किलोमीटर आणि त्यापुढेही जाते, पण कोणी 'सगळी तेले सारखीच' म्हणून दुसरेच ओतले असेल, तर पुलीवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती नसते, पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागतो. त्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो, म्हणजे आपल्या गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा तरी धरून चाला. आपल्या मेहुण्यांचा पांढरा हत्ती हा इथे उभा आहे, एएमटीत नाही. (टॉर्क कन्व्हर्टर आणि दोन क्लचची डीसीटी हे आणखी दोन प्रकार आहेत, पण ते आपल्या यादीत नाहीत. एवढेच सांगतो की कोरड्या क्लचची डीसीटी वॉरंटी संपल्यावर मी माझ्या भावालाही घेऊ देणार नाही.)

खर्चाचा अंदाज माझ्या गॅरेजपुरता देतो. लहान पेट्रोल गाडीचा क्लच संच मजुरीसह आठ ते बारा हजारांत बसतो. एएमटीला तेवढाच खर्च, अधिक स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे तपासणी यंत्र) लावून संगणकाला नव्या क्लचची ओळख करून देण्याचे काम, जे प्रत्येक गॅरेजमध्ये होत नाही आणि ते न करता गाडी दिली तर ती पहिल्या सिग्नलला हिसके देऊ लागते. अ‍ॅक्च्युएटर पूर्ण निकामी झाला तर मात्र चाळीस हजारांच्या पुढे तयारी ठेवावी.

आता गाडी तपासायची कशी ते सांगतो, कारण खरेदीचा निकाल इथेच लागतो.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी मालकाला ती सुरू करून न ठेवण्याची विनंती करा. गार इंजिन पुष्कळ सत्य बोलते. सीव्हीटी सुरू केल्यावर ब्रेक दाबून दांडी पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स) आणि मग डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाणे) मध्ये घ्या. एखाद्या सेकंदात गाडीने हलकेच पकड घेतली पाहिजे. दोन-तीन सेकंद विचार करून मग धक्का देत असेल तर मागे फिरा. नंतर अर्धा तास चालवून गिअरबॉक्स गरम होऊ द्या आणि सपाट रस्त्यावर ताशी चाळीस ते साठच्या दरम्यान अगदी हलक्या पायाने वेग वाढवा. रस्ता गुळगुळीत असूनही गाडी थरथरली, म्हणजे खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखे वाटले, तर पट्ट्याची पकड बिघडलेली असू शकते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सीव्हीटीचे तेल केव्हा बदलले याची नोंद शोधा. इंजिन ऑइलची नोंद सगळे दाखवतात, मी गिअरबॉक्सच्या तेलाविषयी बोलतो आहे. अठ्ठ्याहत्तर हजारांत ती एकदाही नसेल तर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

एएमटीचे पाहताना आधी कान द्या. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या काही एएमटींमध्ये चालकाचे दार उघडताच पंपाचा बारीक आवाज येतो, तो ठीक आहे. पण चावी चालू ठेवून गिअर न बदलता नुसते बसून राहिल्यावर तो पंप पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर दाब कुठेतरी गळतो आहे. त्यानंतर चढ शोधा. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, जोडीला जळका वास येतो, तर क्लच संपत आला आहे. शेवटी स्कॅनर लावून घ्या, पाचशे ते हजार रुपये लागतील. पुष्कळ गाड्यांत क्लच किती झिजला याचा आकडाच पडद्यावर दिसतो. ६१,००० किलोमीटर शहरात फिरलेल्या एएमटीचा क्लच बदललेला नसेल, तर तो बदलायला आला आहे असे गृहीत धरूनच भाव बोला.

मॅन्युअलची परीक्षा सर्वांत सोपी. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच शाबूत, चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना खर्रकन आवाज आला तर सिंक्रो (गिअर बिनआवाज जुळवणाऱ्या कड्या) झिजले आहेत, आणि ते काम गिअरबॉक्स उघडल्याशिवाय होत नाही.

निफाडकर यांचे उत्तर:

मिस्त्रींच्या ज्ञानाविषयी आदर राखून मी मॅन्युअलची बाजू मांडतो. आमच्याकडे द्राक्षबागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर मातीचा आहे आणि पावसाळ्यात चाक रुतले की गाडी पुढे-मागे झुलवून बाहेर काढावी लागते. तिथे क्लच माझ्या पायाखाली असावा असे मला वाटते. दुसरे असे की बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी चार माणसांनी धक्का देऊन सुरू होते. माझ्या चुलतभावाची ऑटोमॅटिक मागच्या ऑक्टोबरमध्ये ऐन छाटणीच्या दिवसांत मळ्यात अडकली आणि पिंपळगावहून माणूस बॅटरी घेऊन येईपर्यंत तिचे तोंड पाहत बसावे लागले. विकतानाही तालुक्याच्या ठिकाणी मॅन्युअलला गिऱ्हाईक पटकन मिळते.

सातपूरचा मिस्त्री यांचे उत्तर:

निफाडकर, धक्क्याचा मुद्दा बरोबर आहे, तसा प्रयत्न ऑटोमॅटिकवर करूच नये. त्याला जोडून सांगतो की सीव्हीटी गाडी बंद पडली तर पुढची चाके जमिनीवर ठेवून तिला दोरीने टोचन करून लांबवर ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना आतला तेलपंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडाच घासत जातो. चाके उचलणारी किंवा पूर्ण गाडी पाठीवर घेणारी क्रेन बोलवावी. पण प्रश्नकर्त्यांच्या पत्नी द्वारकेवरून शाळेत जातात, बागेत नाही.

इंदिरानगर४२ यांचे उत्तर:

प्रश्न पुन्हा एकदा वाचला आणि एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. गाडी आठवड्यातले चार दिवस ज्या चालवणार त्यांचा गुडघा दुखतो आणि मन मात्र तुमचे कुठे ओढते, हे तुम्ही लिहिले आहे. त्यांना तिन्ही गाड्या चालवायला दिल्या का? आमच्याकडेही असेच झाले होते. यजमानांनी घासाघीस करून, इंजिनाला कान लावून गाडी निवडली आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री माझ्या पायाला शेक देण्याची पाळी त्यांच्यावरच आली. दोन वर्षांनी ती विकून एएमटी घेतली.

एएमटीविषयी माझे दोन शब्द. ती सीव्हीटीइतकी मऊ नाही. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना मान किंचित पुढे झुकते. ती झुकण्याच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल केला की धक्का जाणवत नाही, हे मला कोणी शिकवले नाही, महिन्याभरात पायालाच कळले. चढावर मात्र सावध राहावे लागते. माझ्या गाडीला हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नाही, त्यामुळे ब्रेक सोडताच ती वीतभर मागे येते. सराफ बाजाराकडून वर चढणाऱ्या गल्लीत मागे हातगाडी टेकलेली असताना ते वीतभर फार वाटते. अशा वेळी मी हँडब्रेक ओढते, अ‍ॅक्सिलरेटर देते आणि गाडीने जोर धरला की हँडब्रेक सोडते. अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी चढावर तोलून धरण्याची चूक सुरुवातीला मीही करत असे. मिस्त्रींनी ज्या जळक्या वासाचा उल्लेख केला आहे, तो मला तेव्हाच ओळखीचा झाला.

आणखी एक. पहिले आठ दिवस डावा पाय सीटखाली ओढून बसायचे. सवयीने तो क्लच शोधत जातो आणि सापडतो तो ब्रेक, मग मागच्याचा हॉर्न ऐकावा लागतो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर ही दोन्ही कामे उजव्या पायाचीच.

गंगापूररोडकर यांचे उत्तर:

घाटाविषयी एक भर घालतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून ठाण्याला जाताना कसारा घाट टाळता येतो. इगतपुरीजवळून वर चढले की जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी थेट पलीकडे निघते. टोल भरावा लागतो हे खरे, परंतु महिन्यातून एका फेरीसाठी घाटातल्या ट्रकांच्या रांगेमागे क्लच जाळण्यापेक्षा तो परवडतो. नांदुरीच्या घाटाला मात्र असा पर्याय नाही.

पाथर्डीफाटा यांचे उत्तर:

सर्वांचे आभार. इंदिरानगरच्या ताईंचे उत्तर सौभाग्यवतींनी माझ्या खांद्यावरून वाचले, त्यामुळे पुढचे निर्णय माझ्या हातात फारसे राहिले नाहीत.

शनिवार-रविवार मिळून तिन्ही गाड्या तपासल्या. सीव्हीटीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये इंजिन ऑइलच्या सर्व नोंदी होत्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नव्हती. विकणाऱ्याने 'त्याला लागतच नाही' असे सांगितले, तेव्हा मी चहा संपवून उठलो. मॅन्युअल गाडी निर्दोष निघाली. तिसऱ्या गिअरच्या परीक्षेत इंजिन ताबडतोब बंद पडले, गिअरही लोण्यासारखे पडतात, आणि मी एकटाच चालवणारा असतो तर तिथेच बयाणा दिला असता. पण पत्नीने ती द्वारका ते शालिमार एकदा नेली आणि परत येताना चावी माझ्याकडे दिली. काही बोलली नाही.

एएमटीचा पंप शांत होता. मात्र चढावर वास आला आणि स्कॅनरवर क्लच अखेरच्या टप्प्यात असल्याचे दिसले. ते कागदावर छापून मालकापुढे ठेवल्यावर त्याने अठरा हजार कमी केले, म्हणजे गाडी ३ लाख ९२ हजारांना ठरली. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात द्यायचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म सह्या होऊन तयार आहेत. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म मालकाकडून यायचा आहे, तो हाती पडेपर्यंत पूर्ण रक्कम देणार नाही. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करून घेईन. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हे या निमित्ताने कळले.

एक शंका उरली आहे. नांदुरीचा घाट उतरताना एएमटी डी मध्येच ठेवावी का? मॅन्युअलमध्ये मी दुसऱ्या गिअरवर उतरत असे.

सातपूरचा मिस्त्री यांचे उत्तर:

डी मध्ये ठेवू नका. आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की काही गाड्यांचा संगणक उतारावरही वरचा गिअर टाकतो. मग इंजिनाची ओढ नाहीशी होते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून पायाखाली पोकळ लागू लागतात. गडावरून निघताना दांडी एम (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण निवडायचा) मध्ये घ्या, दुसरा गिअर टाका आणि नांदुरी गाव येईपर्यंत तसेच उतरा, म्हणजे आपली वीस वर्षांची सवयही मोडणार नाही. एन (न्यूट्रल) मध्ये तर कधीच उतरू नका. क्लच बदलायला टाकाल तेव्हा जुनी प्लेट आपल्या डोळ्यांसमोर काढायला सांगा आणि काम झाल्यावर स्कॅनर लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. पहिले पाचशे किलोमीटर वहिनींना हलक्या पायाने चालवायला सांगा.